लिंडनच्या एक्केचाळीस बिया

१२ ऑक्टोबर

आज मला नोकरी लागली. नवजीवन कॉलनीच्या समितीने पुढच्या पावसाळ्यापर्यंत 'वृक्ष-सहायक' म्हणून नेमलं आहे. पद नवीन आहे, कारण कॉलनीला आजवर असा माणूस कधी लागला नव्हता. बी.एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली आणि मीही आजवर कोणाला लागले नव्हते.

समितीचे अध्यक्ष अनिलकाका कापसाचे व्यापारी आहेत. त्यांची मुलगी धनश्री जर्मनीत असते. तिच्या बाळंतपणासाठी काका आणि छायाकाकू तीन महिने तिकडे राहून परवा पांढुर्ण्याला परतले. तिच्या घरासमोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं आहेत. जुलैत ती फुलली तेव्हा काका रोज संध्याकाळी नातीला घेऊन खाली बाकावर बसत.

"काय वास सांगू तुले, करुणा. पोरगी पाच मिनिटांत झोपे. मी तीन मिनिटांत."

आता त्यांना तसेच लिंडन कॉलनीच्या मुख्य रस्त्यावर हवे आहेत. फुटपाथवर पडलेल्या बिया ते कुर्त्याच्या खिशातून घेऊन आले. परदेशातून बी आणायला परवानगी लागते, हे मी भीत भीत सांगितलं. काका म्हणाले, "आणलं कुठं? खिशात राहून गेलं." मी संबंधित कार्यालयाला कळवायचं पत्र लिहिलं. पाठवलं नाही. दोन्ही गोष्टी इथे नोंदवून ठेवते.

मुख्य रस्त्यावर आज करंजाची चौदा मोठी झाडं आहेत. लिंडन उगवले की ती तोडायची, असं समितीचं ठरलं आहे. काकांची नवी पांढरी गाडी तिसऱ्या करंजाखाली उभी असते. तिच्यावर करंजाची फुलं पडतात, शेंगा पडतात आणि पक्ष्यांचंही पडतं. (हे शेवटचं करंजाचं नव्हे, पण काकांच्या तक्रारीत ते करंजाच्याच नावावर आहे.)

म्हणजे लिंडन उगवले नाहीत तर माझी नोकरी जाईल, आणि उगवले तर चौदा झाडं जातील. हे मला घरी येऊन जेवल्यावर लक्षात आलं.

१३ ऑक्टोबर

काल लिहिलं की समितीचं ठरलं आहे. ते पूर्ण खरं नाही. काकांचं ठरलं आहे. बाकीच्यांनी मान हलवली, असं काका म्हणाले. मी पाहिलेलं नाही.

हा फरक बाबांनी शिकवला. बाबा फॉरेस्टात नाकेदार, म्हणजे वनरक्षक, होते. मी लहान असताना आम्ही रामाकोन्याच्या पलीकडे चौकीवर राहायचो आणि शाळा लांब होती. आईने पाटीवर अक्षरं शिकवली आणि बाबांनी त्यांच्या रोजच्या डायरीवरून वाचायला. "जे पाहिलं ते 'पाहिलं' म्हणून लिहायचं, ऐकलं ते 'ऐकलं' म्हणून. अन् जे दोन्ही नाही ते लिहायचंच नाही." सात वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की वाचन म्हणजे सागाचे बुंधे मोजणं.

१६ ऑक्टोबर

बिया तीन वेळा मोजल्या. एक्केचाळीस. वाटाण्याहून लहान, करड्या, अंगावर बारीक लव. दिसायला थेट मसाल्यातली कबाबचिनी.

लिंडनचं बी फार हट्टी असतं. कवच टणक, आतला अंकुर झोपलेला. आधी काही आठवडे उबदार ओल, मग तीन-चार महिने कडक थंडी, मग कुठे त्याला वसंत आला असं वाटतं. तरीही कधीकधी दोन वर्षं लागतात. काकांना सांगितलं.

"दोन वर्षं? धनश्रीले नऊ महिने लागले."

मग त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं की लिंडन, कापूस, भेंडी, अंबाडी ही सगळी आता एकाच कुळात धरतात. काकांनी एक बी उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "म्हणजे मी तिथं आपल्याच नात्यातल्या झाडाखाली बसून होतो."

थंडी आमच्या फ्रिजमध्ये द्यायची आहे. वाळू अजून चाळून व्हायची आहे, म्हणून बिया तोवर स्टीलच्या डबीत घालून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवल्या. मसाल्याच्या डब्याशेजारी, म्हणजे हरवणार नाहीत.

१९ ऑक्टोबर

काका आज आमच्याकडे जेवायला आले. बियांची सोय पाहायला येतो म्हणाले होते, आईने जेवूनच जा म्हटलं. पाटोडीचा रस्सा केला होता. काकांनी दोनदा घेतला.

"वहिनी, मसाल्यात काय टाकलं तुमी? काही निराळंच लागून राहिलं."

"घरचाच हाय भाऊ. कबाबचिनी जरा जास्त पडली. यायनं फळीवर आणून ठेवली होती ना, ताजी."

बाबा म्हणाले, "मी कुठं आणली?"

त्यावर आई एकदम आत गेली. जेवण झाल्यावर काकांना बिया दाखवायला मी डबी घ्यायला गेले तर फळीवर डबी नव्हती. आई म्हणाली, बाबांनी उन्हात ठेवली. मी बाबांना विचारलं. बाबांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, हो, उन्हात. मी गच्चीवर निघाले तर म्हणाले, "आज नको पाहू. ऊन लागून राहिलं त्यायले."

काका म्हणाले, राहू दे, झोपू दे त्यायले, आणि ढेकर देऊन गेले. बाबांना माझ्या कामाची इतकी काळजी आहे हे पाहून बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

बाबा सकाळी सातच्या बसने रामाकोन्याला गेले. जुन्या चौकीवरच्या सोबत्याला भेटायचं म्हणाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, एकदाही आठवण आली नव्हती. रिकामी पिशवी घेऊन गेले.

२२ ऑक्टोबर

बाबा आले. गुडघे मातीने भरलेले, हाताला ओरखडे. सोबती भेटला का म्हणून विचारलं तर म्हणाले, "भेटला. झाडाखाली होता."

आईने डबी परत दिली. लख्ख घासलेली आहे. बिया मोजल्या.

चव्वेचाळीस.

२३ ऑक्टोबर

सहा वेळा मोजल्या. चव्वेचाळीसच. रात्रभर विचार केला. एक्केचाळीस मी तीन वेळा मोजल्या होत्या, म्हणजे तीन वेळा चुकले. जी मुलगी एक्केचाळीस मोजू शकत नाही तिच्या हाती कॉलनीची झाडं कशी द्यावी? बियांवरची लवही कमी वाटते, पण ती उन्हाने गेली असेल.

काकांना लेखी कळवलं: 'बियांच्या संख्येत तीनची वाढ आढळली. कारण समजले नाही. मोजणीतील चुकीची जबाबदारी माझी.'

काकांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जर्मन माल आहे, पोरी. वाढते."

घरी हे सांगितलं तेव्हा आई बाबांना हळूच म्हणाली, "मोजता येत नोयतं त विचारायचं." कोणाबद्दल बोलली ते कळलं नाही. बहुतेक माझ्याबद्दलच.

२६ ऑक्टोबर

सकाळच्या वंदनेत चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, बाबांना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन आले तोवर आम्ही पाचव्यावर होतो.

२० नोव्हेंबर

वाळूतला डबा आज फ्रिजमध्ये ठेवला. वरच्या कप्प्यात बिया, खालच्या कप्प्यात बाकी घर. डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावायला निघाले तर आईने आधीच लावली होती: 'हे खायचे नाही'. खाली दोन रेघा.

९ जानेवारी

काही नाही. बिया थंड आहेत. काकांनी विचारलं, लिंडन इथल्या उन्हाळ्यात टिकेल ना? मी प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला हिवाळा हवा असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. काका म्हणाले, "पहिले दोन वर्षं कूलर लावू."

मला वाटलं थट्टा करत आहेत. संध्याकाळी इलेक्ट्रिशियन रस्त्याच्या कडेला पॉइंट कुठे काढायचा ते विचारायला आला.

१७ मार्च

उगवले!

फेब्रुवारीत पिशव्यांत पेरले होते. आज सकाळी सात पिशव्यांत मान वर आली आहे. पहिली दोन पानं छोटी, गोलसर, अगदी साधी. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसून थोडी रडले. मग लक्षात आलं की आता करंज जाणार, आणि आणखी थोडी रडले. कोणत्या कारणाने किती हे सांगता येणार नाही.

काकांनी पेढे वाटले. फोटो जर्मनीला पाठवला. धनश्रीचं उत्तर आलं, 'अरे वा.' काकांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

बाबांना पाहायला चला म्हटलं. कंबर धरली म्हणाले. आपल्याच हाताने रामाकोन्याचं अर्धं जंगल लावलेला माणूस, आणि मुलीची सात रोपं पाहायला येत नाही. वाईट वाटलं.

२ एप्रिल

आता एकोणीस रोपं आहेत. काकांनी तारखा ठरवल्या. ८ जूनला कॉलनीची सभा, १० जूनला तोड. परवानगीचा अर्ज केला आहे. सभेत मी लिंडनबद्दल निवेदन वाचायचं. "फायदे सांग. जोरात सांग."

२१ एप्रिल

निवेदन लिहायला तिसऱ्या करंजाखाली बसले, कारण कॉलनीत बसण्यासारखी दुसरी सावली नाही.

लिहिलं: लिंडनची दाट सावली रस्ता थंड ठेवते. थर्मामीटर आणला होता, सहज मोजलं. दुपारी दोन वाजता करंजाखाली एकोणचाळीस, बाहेर डांबरावर अठ्ठावन्न.

लिहिलं: फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. वर इतका गुंजारव होता की मला वाटलं कोणाची मोटर चालू राहिली. करंज फुलला आहे, जांभळट पांढरा.

लिहिलं: पानं धूळ धरतात. बोट फिरवून पाहिलं. बोट काळं.

लिहिलं: गळलेली पानं लवकर कुजून माती सुधारतात. खाली उकरलं तर गांडूळ.

निवेदन पूर्ण झालं. सगळं लिंडनबद्दलच आहे आणि सगळं पुस्तकात आहे. तरी वाचताना चोरी केल्यासारखं वाटतं.

२२ एप्रिल

फायदे लिहिले तर तोटेही लिहायला हवेत. नाही तर ते निवेदन नव्हे, जाहिरात. आजपासून तोटे शोधते.

१८ मे

तोटे शोधताना भलतंच सापडलं. लिंडनच्या रोपाची पहिली दोन पानं गोल नसतात. हाताच्या पंजासारखी असतात, बोटं फुटलेली. चित्र आहे. माझी १७ मार्चची नोंद काढून पाहिली. 'छोटी, गोलसर, अगदी साधी.'

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, पानांना बोटं नाहीत. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

१९ मे

एक रोप मांडीवर घेऊन बसने सौंसरला गेले. तिथे संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवणारा प्रफुल्ल कॉलेजात माझ्या वर्गात होता. शेजारची बाई सगळा रस्ता विचारत होती, संत्रा का? मी म्हणत होते, अजून माहीत नाही.

प्रफुल्लने पान उलटं केलं, बुडाशी थोडी साल सोलली, चावली.

"हे कुठून आणलं म्हणते?"

"जर्मनीहून."

"जर्मनीत धामण कवापासून व्हायले लागली?"

धामण. आपल्या जंगलातलं झाड. तिच्या सालीची त्याच्या आजोबांकडे दोरी होती म्हणे, अजून तुटली नाही. (ऐकलं.) पुस्तकात पाहिलं तर धामण जुन्या वर्गीकरणात थेट लिंडनच्याच कुळात होती, आणि तिचं शास्त्रीय नावच 'लिंडनसारख्या पानांची' असं आहे.

परत येताना बसमध्ये सगळं मनात मांडलं. एक्केचाळीसच्या चव्वेचाळीस. घासलेली डबी. बाबांचे गुडघे. काही तरी जुळत होतं, पण ते माझ्या घरातल्या माणसांबद्दल होतं, म्हणून मी ते जुळवलं नाही.

२० मे

रोप बाबांसमोर ठेवलं. म्हटलं, "बाबा, हे काय आहे?"

बाबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही.

"दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. हे खरं होतं.

मग आईच बोलली. मसाला, कबाबचिनी, रस्सा, सगळं. "तुही पहिली नोकरी होती व. यायले म्हटलं, जंगलात असंच दिसणारं काही असन त आना. हे एक झोरा भरून आनत होते, मीच म्हटलं थोडे ठेवा."

"मग एक्केचाळीसच का नाही ठेवल्या?"

"तीन खराब निघतील म्हणून वरच्या टाकल्या," बाबा म्हणाले. "बी नेहमी थोडं जास्त धरावं."

मला राग यायला हवा होता. आधी मनात आलं ते हे की मोजणी माझी बरोबर होती. मग राग आला.

बाबा म्हणाले, "आता काय लिहिशीन?" मी म्हटलं, पाहिलं ते.

७ जून

उद्या सभा. सांगितलं तर नोकरी जाईल. न सांगितलं तर १० तारखेला सकाळी करवत येईल, आणि धामणीला लिंडन म्हणून मी चौदा करंज पाडले असं होईल. सांगणार आहे. आई आणि बाबा येऊ नका म्हटलं तरी येणार आहेत.

८ जून

झाली सभा. जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी सहाला कॉलनीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं. काकांनी एकोणीस रोपं टेबलावर मांडली होती, प्रत्येकाला झेंडूची एक माळ. मला माइक दिला. मी म्हटलं, "ही रोपं लिंडनची नाहीत. धामणीची आहेत."

कोणीतरी मागून म्हणालं, "मंग त बरं झालं, धामण खाले बी येते."

काका म्हणाले, "मी स्वतः वेचून आणल्या बिया. अशा कशा धामणीच्या होतील?"

तेव्हा बाबा मागच्या रांगेतून उभे राहिले. जुन्या सवयीने दोन्ही हात सरळ खाली. म्हणाले, "साहेब, तुमच्या बिया आमच्या घरी खाल्ल्या गेल्या. ह्या मी टाकलेल्या आहेत. पोरीले काही माहीत नोयतं."

"खाल्ल्या म्हणजे? कोणं खाल्ल्या?"

आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "पाटोडीच्या रश्श्यात गेल्या भाऊ. सगळ्यायनंच खाल्ल्या. तुमी दोनदा घेतला."

हॉलमध्ये एवढा हशा झाला की माइक शिट्टी वाजवू लागला. छायाकाकू पदर तोंडात धरून बाहेर गेल्या. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. दिल्लीहून रोपं मागवतो. करवतवाल्याले परवाचं सांगितलं आहे, ते तसंच राहीन."

मी माइक सोडला नव्हता. म्हटलं, "काका, निवेदन राहिलं." आणि वाचायला लागले. सावली, मधमाश्या, धूळ, माती. पहिल्या रांगेतल्या नलिनीताई, रिटायर मॅडम, मधेच म्हणाल्या, "हे त आपल्या करंजाचंच सांगून राहिली." मी म्हटलं, लिंडनचं आहे, पण हो. मग तोटे वाचले. एक, इथला उन्हाळा. दोन, लिंडनच्या पानांवर मावा पडतो, तो रस पिऊन गोड चिकटा टाकतो, आणि तो चिकटा उन्हाळाभर खाली पडत राहतो.

"खाली म्हणजे कशावर?" काकांनी विचारलं.

"खाली जे उभं असेल त्यावर. शक्यतो गाड्यांवर. त्यावर मग धूळ बसते आणि काळी बुरशी येते."

काका म्हणाले, पुस्तकातलं काही सांगू नको, मी तीन महिने तिथं होतो. आणि सगळ्यांसमोर धनश्रीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे दुपार होती.

"धनू, लिंडनखाली गाडी चिकट होते का?"

"बाबा, आता तीच धुऊन राहिली." तिने फोन फिरवला. काचेवर बोट ओढलं तर रेघ उमटली. "तुम्ही होते तेव्हा रोज सकाळी मीच पुसत होते. तुम्ही झोपले राहायचे."

"बाळंतपणानंतर? तू?"

"मग कोण? तुम्ही?"

काकांनी फोन ठेवला. बराच वेळ खिडकीतून तिसऱ्या करंजाखालच्या गाडीकडे पाहिलं. तिच्यावर फुलं पडली होती, कोरडी. फुंकरीने जातील अशी.

"करवतवाल्याचा नंबर कोणाकडं आहे?" ते म्हणाले. "मी त्याले नको म्हणतो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा आला होता.

९ जून

राजीनामा घेऊन गेले. काकांनी तो वाचला, दुसऱ्या ओळीत एक काना राहिला होता तो दाखवला आणि परत केला. म्हणाले, मागच्या रस्त्यावर एकही झाड नाही. हे एकोणीस तिथं कोण लावीन? मी विचारलं, रागावले नाहीत का? म्हणाले, "रागावलो होतो. मंग घरी हिनं सांगितलं का मी खाल्लेलं लिंडन कॉलनीत दुसऱ्या कोणी नाही खाल्लं."

५ जुलै

पाऊस नीट लागला. आज मागच्या रस्त्यावर एकोणीस धामणी लावल्या. खड्डे बाबांनी आखले. न सांगता आले, कंबर धरली नाही. माझ्याशी थोडं कमी बोलतात. मीही. पण एका खड्ड्यापाशी म्हणाले, "हे सखल आहे, पाणी साचन," आणि मी खड्डा हलवला.

पाटीवरून वाद झाला. काकांना 'भारतीय लिंडन' हवं होतं. मी म्हटलं, असं झाड नाही. ते म्हणाले, धनश्रीले काय सांगू? मी म्हटलं, जे आहे ते. अर्धा तास गेला. शेवटी नात्यावर तोड निघाली आणि पेंटरने लिहिलं:

धामण
लिंडनची चुलत बहीण

यात खोटं काही नाही. पुस्तकं पुन्हा पाहिली.

मग काकांना पाटीबरोबर फोटो हवा होता, जर्मनीला पाठवायला. मोबाइल माझ्या हातात दिला. ते पाटीच्या बाजूला उभे राहिले, ऐटीत, पाटीवर हात टेकून. पंजा बरोबर 'धामण'वर आणि कोपर 'चुलत बहीण'वर. स्क्रीनवर एकच शब्द दिसत होता, 'लिंडनची'.

मी म्हटलं, "काका, हात जरा खाली घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल तसाच धरून उभी राहिले. पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

त्यांनी हात खाली घेतला.